रोजचा दीड जीबी दुपारीच का संपतो? नाशकात नवीन आलेल्यांसाठी स्पीड आणि डेटाची समज

माझी मावसबहीण जूनमध्ये सुरगाण्याहून नाशिकला आली, नर्सिंगला ॲडमिशन झालं, चार मुलींनी मिळून सिडकोत रूम घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचा फोन, "ताई, इथं रेंज फुल दाखवतंय पण नेट अजिबात चालत नाहीये, जास्त स्पीडवाला रिचार्ज मारू का?" दुपारचे साडेतीन वाजलेले. मी विचारलं सकाळपासून काय काय बघितलंस, तर एक तासाचं लेक्चर आणि मग जेवताना थोडे रील्स. तिचा त्या दिवसाचा डेटा संपला होता, बस. स्पीडचा तिथं काही संबंधच नव्हता.

आणि त्याच महिन्यात पंचवटीत काकांकडे बरोबर उलटं. त्यांनी "नेट स्लो आहे" म्हणून दोनदा जादा डेटाचं पॅक मारलं, दोन्ही वेळा पैसे गेले आणि नेट तसंच. मी त्यांचा फोन बघितला तर रोजचा डेटा निम्मासुद्धा संपत नव्हता. त्यांचा जुना वाडा, हातभर जाडीच्या दगडी भिंती, आतल्या खोलीत सिग्नलच पोचत नव्हता.

दोघांची तक्रार एकच, नेट स्लो. एकीला डेटा पाहिजे होता, दुसऱ्याला सिग्नल. आणि दोघंही चुकीच्या जागी पैसे घालायला निघाले होते. म्हणून सांगते, रिचार्जच्या दुकानात जायच्या आधी आपल्याला नक्की काय कमी पडतंय ते ओळखायला शिका, ते एकदा जमलं की बाकीचं सोपं आहे.

आधी टाकी आणि धार वेगळी करा

आपल्याकडे गच्चीवर टाकी असते आणि खाली नळ असतो ना, तसंच धरा. टाकीत पाणी किती ते झालं डेटा, तो जीबीमध्ये मोजतात. नळाची धार किती जोरात ते झालं स्पीड, ते एमबीपीएसमध्ये. दीड जीबी रोजचा प्लॅन म्हणजे रोज रात्री १२ वाजता टाकी भरते, आणि बहुतेक प्लॅनमध्ये काल उरलेलं पाणी उद्याला मिळत नाही, ते गेलं.

आता टाकी रिकामी झाली की नळ पूर्ण बंद होत नाही, इथंच सगळे फसतात. कंपनी स्पीड एकदम खाली आणते, बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएस. म्हणजे नेट चालू दिसतं, वरती फोरजी लिहिलेलं असतं, दांड्या फुल असतात, व्हॉट्सॲपवर नुसता लिहिलेला मेसेज जातोसुद्धा, पण फोटो उघडत नाही आणि व्हिडिओ तर गोल गोल फिरतच राहतो. हे असं दिसलं की नव्वद टक्के वेळा डेटा संपलेला असतो. टॉवरला दोष द्यायच्या आधी कंपनीचं ॲप उघडा, त्यात आजचा किती उरला ते पहिल्याच पानावर असतं. निम्मा संपला, सगळा संपला असे मेसेजही येतात पण ते जाहिरातींच्या मेसेजमध्ये दबून जातात, माझ्या बहिणीला आलेला मेसेज तिने उघडलाच नव्हता.

डेटा शिल्लक आहे आणि तरी सगळंच हळू चालतंय, मेसेजसुद्धा अडकतोय, किंवा एका खोलीत चालतं आणि दुसऱ्या खोलीत नाही, तर मग ती स्पीडची किंवा सिग्नलची अडचण. तिथं जादा डेटा घेऊन काही होणार नाही.

आठाचा हिशोब एकदाच समजून घ्या

हा थोडा कंटाळवाणा वाटेल पण पाच मिनिटं द्या, कारण सगळी गडबड ह्याच्यात आहे. फाईल किती मोठी ते मोजतात बाइटमध्ये (साधारण हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी), आणि स्पीड मोजतात बिटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून कोणी ४० एमबीपीएस म्हटलं की त्याला ८ ने भागायचं, येतात ५, म्हणजे एका सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरणार. १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आणि डाउनलोड साडेबारा एमबीनेच होतंय म्हणून केबलवाल्याशी भांडू नका, ते बरोबर आहे.

आता ह्याच हिशोबाने ६४ केबीपीएस बघा. भागिले ८ म्हणजे सेकंदाला ८ केबी. मोबाईलने काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच पाठवायचा म्हटला तर आठ मिनिटांच्या वर लागतात. म्हणूनच स्कॉलरशिपचा किंवा परीक्षेचा ऑनलाईन फॉर्म डेटा संपल्यावर भरायला बसू नका, कागदपत्रं अपलोड होईपर्यंत पान बंद पडतं आणि सगळं पहिल्यापासून. शेवटच्या तारखेला तर अजिबात नाही. फॉर्म सकाळी भरा, ताजा डेटा असतो आणि गर्दीही कमी असते.

आणि आणखी एक आकडा पाठ करून ठेवा, मला तो फार कामाला येतो: १ एमबीपीएसने तासभर काही चालू राहिलं की ४५० एमबी जातात. कुठलाही व्हिडिओ किती एमबीपीएस घेतो ते माहीत असलं की गुणाकार करायचा. व्हिडिओच्या क्वालिटीला ४८०पी, ७२०पी असे आकडे असतात, आकडा मोठा तितकं चित्र स्वच्छ. साधारण ४८०पी ला १ एमबीपीएस धरा, तासाला साडेचारशे एमबी. ७२०पी ला अडीचच्या आसपास, म्हणजे तासाला एक जीबीच्या वर. १०८०पी ला त्याच्याही जवळपास दुप्पट. म्हणजे तेच लेक्चर, तेच सर, तोच फळा, ४८०पी ला बघितलं तर दीड जीबीत तीन तास होतात आणि १०८०पी ला बघितलं तर पाऊण तासात खेळ आटोपला. हे आकडे थोडे मागेपुढे होतात, व्हिडिओत हालचाल किती आहे त्यावर असतं, पण अंदाजाला पक्के आहेत.

आता बघा, बहिणीचा प्रश्न होता "जास्त स्पीडवालं घेऊ का". यूट्यूब आणि बाकीची ॲप 'ऑटो' वर असली की ती धार बघून क्वालिटी ठरवतात. धार मोठी मिळाली की व्हिडिओ आपोआप वरच्या क्वालिटीला जातो, फोनच्या एवढ्याशा स्क्रीनवर फरक कळत पण नाही आणि टाकी मात्र दुप्पट वेगाने रिकामी. सुरगाण्याला तिला रेंज कमी होती म्हणून व्हिडिओ आपोआप खालच्या क्वालिटीला चालायचा आणि तोच दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरायचा. नाशकात रेंज चांगली मिळाली आणि डेटा दुपारीच संपायला लागला. तिला वाटलं कंपनी फसवतेय. तसं नव्हतं.

तीन दिवस नुसतं बघा, काही बदलू नका

लगेच सगळं बंद करत सुटू नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन्सच्या खाली 'डेटा युसेज' असतं, प्रत्येक फोनमध्ये जागा जरा वेगळी असते, सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधायच्या पट्टीत 'डेटा' टाइप करा. तिथं कुठल्या ॲपने किती खाल्लं ते उतरत्या क्रमाने दिसतं. रोज रात्री झोपायच्या आधी वरची चार नावं वहीत लिहा. तीनच दिवस. आमच्या बहिणीच्या वहीत तिन्ही दिवस एक नंबरला इन्स्टा, दोनला यूट्यूब, तीनला व्हॉट्सॲप आणि चौथ्या नंबरला फोटो बॅकअप, जो तिला चालू आहे हेच माहीत नव्हतं. क्लासचं ॲप पाचव्या नंबरला. ती उगाच क्लासच्या ॲपला दोष देत होती.

बरेच जण घाबरून भलत्याच गोष्टी बंद करतात. यूपीआयने पैसे देताना डेटा अगदी नगण्य जातो, काही केबी. नुसते मेसेज, बँकेचं ॲप, बातम्या वाचणं, ह्यात फार जात नाही. मॅप लावून त्र्यंबकला गेलात तरी थोडेसेच एमबी. व्हॉट्सॲपवरचा साधा कॉल मिनिटाला साधारण अर्धा एमबी, म्हणजे आईशी तासभर बोललीस तरी तीस-चाळीस एमबी, खुशाल बोल. व्हिडिओ कॉल मात्र त्याच्या आठ-दहा पट. घरच्यांचा चेहरा बघायचा असतो ते मान्यच आहे, पहिल्यांदा घर सोडलेल्या पोरीला तर असतंच, तर दहा मिनिटं व्हिडिओ आणि बाकी साधा कॉल, असं आम्ही ठरवलं.

आता सेटिंग्ज, मोठ्या खाणाऱ्यापासून

यूट्यूबमध्ये तुमच्या फोटोवर क्लिक करून सेटिंग्ज, मग व्हिडिओ क्वालिटी, तिथं मोबाईल नेटवर्कसाठी आणि वायफायसाठी वेगळं वेगळं ठेवता येतं. मोबाईल नेटवर्कला 'डेटा सेव्हर' करा. फळ्यावरचं बारीक अक्षर दिसत नसेल तर तेवढ्या व्हिडिओपुरती क्वालिटी हाताने ४८०पी करा, ४८०पी ला फळा वाचता येतो. गाणी, भजन, कीर्तन नुसतं ऐकायचं असेल तर १४४पी करा, आवाजात फारसा फरक पडत नाही आणि डेटा कितीतरी कमी जातो.

इन्स्टामध्ये सेटिंग्जच्या आत मीडिया क्वालिटीच्या नावाने एक जागा आहे, तिथं 'यूज लेस मोबाईल डेटा' चालू करा. फेसबुकमध्ये ऑटोप्ले 'नेव्हर' किंवा फक्त वायफायवर. रील्सचा खरा त्रास असा की तुम्ही एक बघत असता तेव्हा पुढचे एक-दोन आधीच उतरायला लागलेले असतात, म्हणजे न बघितलेल्याचाही डेटा जातो. सेटिंगने थोडा फरक पडतो, पण खरं सांगायचं तर रील्ससाठी वेळच ठरवावी लागते.

व्हॉट्सॲपवर जरा थांबते कारण ते सगळ्यांच्या घरात आहे. सेटिंग्ज, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मीडिया ऑटो-डाउनलोड'. मोबाईल डेटाच्या खाली फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट अशा चार चौकटी असतात, चारही काढून टाका. त्याने काहीही चुकत नाही, फोटो धूसर दिसतो, पाहिजे असेल तो दाबायचा आणि उतरवायचा. आमच्या मावशीचे यजमान कांदा-द्राक्षवाले, त्यांच्या फोनला लासलगावच्या बाजारभावाचे ग्रुप, पिंपळगावच्या द्राक्षांचे ग्रुप, औषधवाल्यांचे ग्रुप, नातेवाइकांचे वेगळे, रोजचे शंभरेक फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरत होते. शेतात ई-पीक पाहणीसाठी फोटो अपलोड करायची वेळ आली की डेटा संपलेला. ह्या चार चौकटी काढल्या आणि त्यांचा प्रश्नच मिटला, रुपया न खर्च करता. त्याच जागी कॉलसाठी 'कमी डेटा वापरा' असंही एक बटण आहे, रेंज कमी असेल तिथं तेही चालू ठेवा, कॉल तुटायचं प्रमाण कमी होतं.

मग प्ले स्टोअर, ॲप अपडेट 'ओन्ली ओव्हर वायफाय'. मग फोटो बॅकअप, मोबाईल डेटावर बंद. आणि शेवटी फोनमधलाच 'डेटा सेव्हर' चालू करा, तो मागे लपून चालणाऱ्या ॲपना अडवतो. व्हॉट्सॲपला मात्र त्यात सूट द्या, नाहीतर घरचा मेसेज उशिरा येतो आणि ते काळजी करत बसतात.

हॉटस्पॉटचं वेगळं सांगते कारण ह्यात मी स्वतः एकदा अख्खा दिवसाचा डेटा दहा मिनिटांत घालवलाय. लॅपटॉपला मोबाईलचं नेट दिलं की लॅपटॉपला वाटतं हे घरचं वायफाय आहे, आणि तो विंडोजचं अपडेट ओढायला लागतो, जे एक-दोन जीबीचं सहज असतं. म्हणून हॉटस्पॉट जोडल्यावर लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' चालू करायचं, मग तो हात आखडता घेतो. एकदाच करावं लागतं, पुढच्या वेळी त्याला आठवतं. आणि हॉटस्पॉटला पासवर्ड पाहिजेच, रूममध्ये कोणाकोणाचे फोन आपोआप जोडलेले राहतात ते बघत चला.

स्पीड खरंच कमी असेल तर

आधी मोजा, पण मोजण्यालाही डेटा लागतो हे लक्षात ठेवा. स्पीड टेस्ट म्हणजे दहा-पंधरा सेकंद नळ पूर्ण सोडून धार बघणं. ४० एमबीपीएस असेल तर दहा सेकंदांत ५० एमबी गेले, आणि फाइव्हजीवर २०० मिळत असेल तर अडीचशे एमबी, अपलोडचे वेगळे. त्यामुळे गंमत म्हणून सारखी टेस्ट करू नका. ट्राय म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिचं 'मायस्पीड' नावाचं ॲप आहे, ते वापरा किंवा दुसरं कुठलंही, पण एकदा सकाळी सातला आणि एकदा रात्री नऊला करा. सकाळी चांगलं आणि रात्री वाईट आलं तर ती टॉवरवरची गर्दी, सगळे एकाच वेळी बसलेले असतात आणि टॉवरची धार सगळ्यांत वाटली जाते. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत फोन लागत नाही तो ह्याच कारणाने, तिथं तुमच्या प्लॅनचा दोष नसतो आणि महागडा रिचार्ज करूनही उपयोग नाही.

दोन्ही वेळा वाईट आलं तर जागा बदलून बघा. खिडकीत, गच्चीवर, वरच्या मजल्यावर. काकांच्या वाड्यात ओसरीवर २० यायचे आणि माजघरात १ पण नाही. त्यांना आम्ही तिसरं पॅक घेऊ दिलं नाही, पुढे केबलवाल्याकडून फायबर घेतलं आणि राउटर ओसरी आणि माजघराच्या मधल्या दारावर उंच बसवला. राउटरला दोन नावं दिसतात, एक २.४ चं आणि एक ५ चं. ५ चं जोरात चालतं पण भिंतीपलीकडे पटकन मरतं, २.४ चं हळू पण लांब पोचतं. दगडी भिंत असेल तर २.४ लावा. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे लपवू नका.

फोनवर फाइव्हजी सारखं येतंय-जातंय असं असेल तर नेटवर्क मोडमध्ये जाऊन फोरजी करून बघा, बऱ्याचदा स्थिर चालतं आणि बॅटरीही वाचते. एरोप्लेन मोड दहा सेकंद लावून काढणं हा जुना उपाय अजूनही चालतो. आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कसारा घाटात बोगद्यांमध्ये नेट जाणारच, तिकीट आणि लागणारी पीडीएफ आधीच उतरवून ठेवा.

स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडाही बघा. डाउनलोड भरपूर आणि अपलोड अर्धा एमबीपीएससुद्धा नाही असं असेल तर तुम्हाला समोरचा स्वच्छ दिसेल पण तुमचा चेहरा त्याला अडकत अडकत दिसेल. ऑनलाईन इंटरव्ह्यू असेल त्या दिवशी हे नक्की तपासा.

आणि मगच प्लॅनचा विचार

ह्यातलं सगळं करून आठवडा काढा आणि तरी कमी पडतंय तर मोठा प्लॅन घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण महिन्याचा म्हणून विकलेला प्लॅन २८ दिवसांचा असेल तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज लागतात, तुलना करताना किमतीला दिवसांनी भागा. 'अनलिमिटेड फाइव्हजी' बघून भुलू नका. जिओ आणि एअरटेलने २०२४ च्या जुलैमध्ये दर वाढवले तेव्हा ते रोज २ जीबी आणि त्याच्या वरच्या प्लॅनपुरतं ठेवलं, आणि ते फाइव्हजीचा फोन असेल आणि फाइव्हजीच्या रेंजमध्ये असाल तेव्हाच लागू होतं. एसटीने गावी निघालात आणि फोन फोरजीवर आला की लगेच तुमचा रोजचा कोटा मोजायला सुरुवात. प्लॅनखालची बारीक अक्षरं दुकानदाराला मोठ्याने वाचायला सांगा, तो वाचतो. जादा डेटाच्या पॅकचंही तसंच, काही पॅक त्याच दिवशी रात्री १२ ला संपतात आणि काही प्लॅन असेपर्यंत राहतात, किंमत सारखीच दिसते.

चौघी एका रूमवर असाल तर फायबर स्वस्त पडू शकतं. समजा ४९९ चा प्लॅन, त्यावर १८ टक्के जीएसटी, ते ५८९ होतात, जाहिरातीत बहुतेक वेळा टॅक्स धरलेला नसतो. ५८९ भागिले चार म्हणजे एकीला दीडशेच्या आत. आणि स्पीड किती घ्यायचं? चौघींनी एकाच वेळी ७२०पी बघितलं तरी १० एमबीपीएस लागतात. ३०-४० चा प्लॅन भरपूर झाला, शंभरवाला घेऊन पैसे घालवू नका. फायबरच्या 'अनलिमिटेड'लाही वर मर्यादा असते, मोठ्या कंपन्यांची महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास, तेवढं चौघींनी मिळूनही संपत नाही, पण छोट्या केबलवाल्याकडे ती बरीच कमी असू शकते आणि संपल्यावर किती स्पीड मिळणार तेही वेगळं असतं. विचारून घ्या. सरकारने २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस ठरवलंय, तर मर्यादा संपल्यावर २ तरी मिळणार का, एवढं सरळ विचारा. रूम घरमालकाची आहे, तर वायर आणायच्या आधी त्यांची परवानगी आणि डिपॉझिट परत मिळणार का हेही.

बहिणीने अजून फायबर घेतलेलं नाही, दिवाळीनंतर बघू म्हणतेय. तोपर्यंत दीड जीबीच चालू आहे आणि आता बहुतेक दिवशी रात्री तीनशे-चारशे एमबी उरतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून ती सव्वाअकराला क्लासच्या ॲपमध्ये दुसऱ्या दिवशीचं लेक्चर ४८०पी ला डाउनलोडला लावते. पावणेबाराच्या आत संपलं पाहिजे हे बघते, कारण १२ वाजून गेले की ते पुढच्या दिवसाच्या कोट्यातून जायला लागतं.